बाळाच्या खोलीतला धूर कसा थांबवायचा: धुरी, कॉइल, चूल आणि बाहेरची हवा

माझी लेक डिसेंबरात झाली, माहेरी, सातारा जिल्ह्यात. आठव्या दिवसापासून न्हाऊ घालायला एक मावशी यायच्या, हात इतका सराईत की बाळ रडायचंसुद्धा नाही. पाटावर पाय लांब करून बसायच्या, पायांवर बाळ पालथं, तेल चोळायच्या, मग कढत पाणी, आणि मग टॉवेलात गुंडाळून थेट शेगडीपाशी. शेगडीत निखारे फुललेले असायचे, त्यावर मूठभर ओवा, बाळंतशेपा, वावडिंग, लसणाची सालं टाकायची, भसकन पांढरा धूर उठला की बाळाला दोन्ही हातांवर आडवं धरून त्या धुरावरून फिरवायचं, आधी पाठ, मग छाती, मग डोकं. लेक शिंकायची, खोकायची, डोळ्यांतून पाणी यायचं. "बघ, सर्दी बाहेर पडतेय," असं सगळे म्हणायचे आणि मीही मान डोलवायचे, कारण माझ्या आईनं माझं हेच केलं होतं आणि आजीनं आईचं.

अठराव्या दिवशी रात्री ती दोन घोट ओढायची आणि सोडून द्यायची, नाकपुड्या फुगत होत्या. सकाळी तालुक्याच्या गावी डॉक्टरांकडे नेलं तर त्यांनी स्टेथोस्कोप लावायच्या आधी तिच्या दुपट्याचा वास घेतला आणि विचारलं, "घरात धुरी देता का?" चार दिवस ॲडमिट होतो. धुरीमुळेच झालं असं एका बाळावरून कुणी छातीठोक सांगू शकत नाही, डॉक्टरांनीही तसं सांगितलं नाही, पण बंद करा म्हणाले आणि त्या दिवसापासून बंदच झाली. त्यानंतर मी जे जे वाचलं, विचारलं, घरात करून बघितलं ते इथे लिहितेय, ज्यांच्या घरी बाळ येणार आहे किंवा आलंय त्यांच्यासाठी.

आधी हे समजून घ्या की बाळाला आपल्यापेक्षा जास्त का लागतं. आपण मिनिटाला पंधरा-वीस वेळा श्वास घेतो, नवजात बाळ चाळीस-पन्नास वेळा घेतं, म्हणजे वजनाच्या मानाने कितीतरी जास्त हवा त्याच्या अंगात जाते. श्वासनलिका इतकी बारीक की आतून थोडी सूज आली तरी वाट निम्मी बंद. फुप्फुसातले हवेचे फुगे जन्माच्या वेळी पूर्ण झालेले नसतात, ते पुढे काही वर्षं तयार होत राहतात, म्हणजे कोवळ्या पानावरच काजळी बसवल्यासारखं आहे ते. आणि मोठा माणूस धूर झाला की उठून अंगणात जातो, बाळ आपण ठेवू तिथेच पडून असतं.

आकडा सांगितल्याशिवाय घरचे ऐकत नाहीत म्हणून सांगते. स्टेट ऑफ ग्लोबल एअरच्या २०२० च्या अहवालाप्रमाणे २०१९ या एका वर्षात जगात सुमारे ४ लाख ७६ हजार बाळं पहिल्या महिन्यातच गेली, ज्यांच्या मृत्यूशी हवेच्या प्रदूषणाचा संबंध होता, आणि त्यातली १ लाख १६ हजारांहून जास्त भारतातली. जगाचा हिशेब केला तर त्यातले जवळपास दोन तृतीयांश मृत्यू घरातल्या धुराशी, म्हणजे लाकूड, गोवऱ्या, कोळसा यांच्याशी जोडलेले. भारतात मात्र निम्म्याहून जास्त वाटा बाहेरच्या हवेतल्या बारीक कणांचा, ज्याला पीएम २.५ म्हणतात, केसाच्या जाडीच्या तिसाव्या भागाएवढे कण. म्हणजे आपल्याला दोन्हीकडे बघावं लागणार. पण बाहेरचं आपल्या एकट्याच्या हातात नाही आणि खोलीतला धूर आजच्या आज थांबवता येतो, पैसे न घालता, म्हणून सुरुवात तिथून.

धुरी आणि शेगडी

हे सगळ्यात अवघड, कारण यात आई, सासूबाई, मावशी सगळ्यांचा जीव गुंतलेला असतो आणि त्या बाळाचं भलंच बघत असतात. मी आईशी भांडले नाही. मी विचारलं की धुरी कशासाठी देतो? तर ती म्हणाली, अंग कोरडं व्हावं, ऊब मिळावी, न्हाल्यावर गारठू नये. हे कारण अगदी खरं आहे, ओलं बाळ झपाट्याने गार पडतं आणि पहिल्या महिन्यात गार पडणं खरंच धोक्याचं. पूर्वी डिसेंबरात मातीच्या घरात निखाऱ्याशिवाय दुसरा इलाज नव्हता. मग आपण ऊब ठेवायची आणि धूर काढून टाकायचा, एवढंच करायचंय.

आम्ही काय केलं ते सांगते. पहिलं म्हणजे नाळ पडेपर्यंत अंघोळच नाही, कोमट पाण्यात भिजवून पिळलेल्या कापडाने पुसायचं. नंतर अंघोळ सकाळी सातऐवजी दुपारी बाराच्या आसपास, तेव्हा हवाही गरम असते. खोलीचा पंखा बंद, खिडकी तेवढ्यापुरती लोटलेली, दोन सुती टॉवेल आधीच उन्हात तापवून घडी करून ठेवलेले. अंघोळ झाली की पहिल्या टॉवेलाने डोकं आधी कोरडं करायचं, कारण बाळाचं डोकं अंगाच्या मानाने मोठं आणि गारवा तिथूनच शिरतो, मग मान, काखा, जांघा, तो ओला टॉवेल लगेच बाजूला आणि दुसऱ्या गरम टॉवेलात बाळ. मग टोपडं, मोजे, आणि सरळ आईच्या उघड्या छातीशी, वरून शाल. याला दवाखान्यात कांगारू केअर म्हणतात, कमी वजनाच्या बाळांना तर मुद्दाम सांगतात. अर्ध्या तासात तळपाय हाताला गरम लागायला लागतात. माझ्या आईनं स्वतः हात लावून बघितलं तेव्हाच तिला पटलं, माझ्या बोलण्यानं नाही.

ओवा हवाच असेल तर बाळाजवळ जाळू नका. आई मला ओव्याचं पाणी प्यायला देते आणि शेपा-बडीशेप जेवणानंतर खायला, रीत राहिली आणि धूर गेला.

शेगडीबद्दल एक गोष्ट मात्र ठामपणे सांगते. बाळंतिणीच्या बाजेखाली निखाऱ्याची शेगडी ठेवून दारं-खिडक्या बंद करायची पद्धत अजून कितीतरी ठिकाणी आहे. धूर दिसत नसला, निखारे नुसते लाल असले तरी त्यातून कार्बन मोनॉक्साइड निघतो, त्याला वास नाही, रंग नाही, आणि झोपेतच माणसं जातात. थंडीत अशा बातम्या दर वर्षी येतात. बंद खोलीत शेगडी ठेवायची नाही, "थोडा वेळच" म्हणूनसुद्धा नाही. शेक हवाच असेल तर गरम पाण्याची पिशवी आईच्या कंबरेला, बाळाला लागणार नाही अशी.

कॉइल, उदबत्ती, धूप, डांबरगोळ्या

२००३ मध्ये एक अभ्यास छापून आला होता, त्यात एक मच्छर कॉइल पूर्ण जळली की तिच्यातून निघणारे बारीक कण ७५ ते १३७ सिगारेटींच्या धुराएवढे भरले. बाप बाहेर जाऊन सिगारेट ओढतो, बाळाजवळ कधीच नाही, आणि त्याच खोलीत रात्रभर पलंगाखाली कॉइल जळत असते. लिक्विडचं मशीन धूर करत नाही पण औषध हवेत सोडतंच. डासांना उत्तर मच्छरदाणी, छत्रीसारखी उघडणारी छोटी मिळते, अगदी स्वस्तात, आणि संध्याकाळी पाच-साडेपाचला खिडक्या लावून घ्यायच्या, आठ वाजता उघडायच्या. खिडक्यांना जाळी लावून घेतलीत तर सगळ्यात चांगलं.

उदबत्ती, धूप-कप, ऊद, कापूर: देवघर वेगळ्या खोलीत असेल तर तिथे लावा, दार ओढून घ्या, आणि बाळ त्या वेळेपुरतं दुसऱ्या टोकाला. वन-रूम-किचन असेल तर बाळाचं पहिलं वर्ष देवापुढे समई आणि फूल. बारशाला किंवा पूजेला होम ठेवणार असाल तर बाळाला शेजारच्यांकडे किंवा गच्चीवर न्या, आरतीला आणा. कापूर बाळाच्या अंगाला, छातीला चोळू नका, दोन वर्षांच्या आतल्या मुलांना कापराची बामं चालत नाहीत.

आणखी एक गोष्ट फार कमी लोकांना माहीत असते. मोठ्या भावंडाचे जपून ठेवलेले कपडे, दुपटी ट्रंकेतून काढतो आणि त्यात डांबरगोळ्या असतात. त्यांची वाफ आणि त्यातलं नॅप्थलीन अंगाला लागून काही बाळांच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात आणि जोराची कावीळ होते, जी६पीडी नावाचं एन्झाइम ज्यांच्यात कमी असतं त्यांना. बाळाला ते आहे की नाही हे आधी कळत नाही. म्हणून कपडे दोनदा धुवून, दोन-तीन दिवस कडक उन्हात वाळवून मगच घालायचे, आणि बाळाच्या कपाटात डांबरगोळी नकोच. पावडरचा डबाही बाळावर धरून झटकू नका, ते ढग सरळ नाकात जातात. पावडर लागत नाही, खरंच लागत नाही.

चूल, बंब आणि मशेरी

उज्ज्वला योजना २०१६ च्या मे महिन्यात सुरू झाली, गॅस खूप घरांत पोचला, पण पाणी तापवायला चूल किंवा बंब आणि भाकरीला चूल असं दोन्ही चालूच असतं, सिलिंडरचे पैसे बघता मी कुणाला दोष देणार नाही. जमेल तेवढं असं करा: ज्या वर्षी घरात तान्हं बाळ आहे त्या वर्षी सिलिंडर आधी घरातल्या रोजच्या स्वयंपाकाला आणि बाळाच्या पाण्याला, चूल परसात, भिंतीपासून लांब, वारा घरात येणार नाही अशा बाजूला. लाकूड वाळलेलं हवं, ओल्या लाकडाचा धूर जास्त होतो. चूल पेटवायला प्लास्टिकची पिशवी किंवा टायरचा तुकडा वापरतात, तो कृपा करून बंद करा, त्या धुरात नुसती राख नसते, विष असतं. वाळलेला पालापाचोळा, नारळाची किशी पुरते. आणि बाळ कडेवर घेऊन चुलीपुढे बसायचं नाही, आई एकटी असेल तर हेच सगळ्यात कठीण, मला माहितीये, म्हणून घरातल्या दुसऱ्या माणसाने एक तर भाकरी टाकाव्यात नाहीतर बाळ घ्यावं.

मात्र घरात सिलिंडर आला की विषय संपला असं समजू नका. हापिन नावाचा मोठा प्रयोग झाला, भारतात तमिळनाडूत आणि शिवाय ग्वाटेमाला, पेरू, रवांडा इथे, ३२०० गरोदर बायका, निम्म्यांना गॅस दिला. घरातला धूर खूप उतरला, तरी २०२२ मध्ये निकाल आले तेव्हा बाळांच्या वजनात म्हणावा तसा फरक दिसला नाही. मी याचा अर्थ असा घेते की गॅस हवाच, पण शेजारची चूल, गल्लीतला कचरा, रस्त्यावरची धूळ हेही त्याच नाकात जातं.

मशेरी: आमच्या भागात अजून घराघरात भाजतात. तव्यावर तंबाखू जळते तेव्हा अख्ख्या घराला ठसका लागतो, तो ठसका बाळालाही लागतोच, फक्त त्याला सांगता येत नाही. भाजायची असेल तर बाहेर, आणि गरोदर बाईने लावायचीच नाही. मुंबईत १२१७ गरोदर बायकांवर अभ्यास झाला होता, मशेरी-तंबाखू वापरणाऱ्यांची बाळं सरासरी १०५ ग्रॅमने कमी भरली. बिडी-सिगारेट ओढणाऱ्या बाबांसाठी, आजोबांसाठी नियम असा की गॅलरी हे "बाहेर" नाही. खाली जाऊन ओढा, आल्यावर शर्ट बदला, हात-तोंड धुवा, मग बाळ घ्या, आणि बाळाशेजारी झोपू नका. झोपेत अचानक बाळ दगावण्याचा धोका धूम्रपानाच्या धुराने वाढतो, हे पक्कं सिद्ध झालेलं आहे.

बाहेरची हवा

सहा महिन्यांची झाल्यावर लेक पुण्यात आली, आमच्या बिल्डिंगसमोर दुसरी बिल्डिंग चालू, पाळण्याच्या कठड्यावर रोज संध्याकाळी बोट फिरवलं की पांढरं उमटायचं. हे माझं रोजचं मशीन होतं. तुम्हीही करून बघा, कोणत्या खिडकीतून जास्त येतंय ते दोन दिवसांत कळतं, मग पाळणा त्या भिंतीपासून लांब आणि त्या खिडकीला ओला पातळ पडदा. झाडूऐवजी ओलं फडकं, झाडू मारला की जमिनीवरचं सगळं पाळण्याच्या उंचीवर येतं.

मोबाइलवर केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचं समीर ॲप घ्या. त्यातला एक्यूआय, म्हणजे हवा किती खराब आहे ते सांगणारा आकडा, ५० पर्यंत चांगला, १०० पर्यंत समाधानकारक, २०० पर्यंत मध्यम, त्यापुढे वाईट. पण "समाधानकारक" वाचून निश्चिंत होऊ नका, कारण त्यात पीएम २.५ चोवीस तासांच्या सरासरीला घनमीटरमागे ६० मायक्रोग्रॅमपर्यंत असू शकतं, आणि जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये ठरवलेली मर्यादा १५ आहे. मी लेकीसाठी १०० च्या वर गेलं की बाहेर फिरवणं कमी करायचे आणि २०० च्या वर असलं तर नेतच नव्हते.

थंडीत, नोव्हेंबर ते फेब्रुवारी, पहाटे गार हवा जमिनीला चिकटून बसते आणि धूर-धूळ तिच्यातच अडकते. म्हणून सातचं कोवळं ऊन चांगलं ही समजूत शहरात तेवढी खरी नाही, नऊ-दहा वाजता न्या. खिडक्या दुपारी बारा ते चार सताड उघडा, पहाटे आणि रात्री ट्रॅफिकच्या वेळी रस्त्याकडच्या बंद. दिवाळीत नागगोळी लहान मुलांचा निरुपद्रवी फटाका म्हणून हातात देतात, पण पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनने मोजलं तेव्हा सगळ्यात जास्त बारीक कण तिच्यातूनच निघाले होते. ते तीन-चार दिवस शक्य असेल तर गावी जा.

समोर बांधकाम असेल तर नुसती चिडचिड करू नका, फोटो काढा आणि महापालिकेच्या ॲपवर तारखेसकट टाका. मुंबईत महापालिकेने ऑक्टोबर २०२३ मध्ये नियमच काढले, ७० मीटरपेक्षा उंच बिल्डिंगच्या साइटला ३५ फुटी पत्रे, पाण्याची फवारणी, झाकलेले ट्रक. कचरा जाळणाऱ्याला ५ हजार रुपये दंड, हा हरित लवादाचा २०१६ चा आदेश सगळ्या देशाला लागू आहे. सोसायटीच्या सफाईवाल्या दादांना ओरडू नका, त्यांना पालापाचोळा टाकायला खड्डा करून द्या, आमच्याकडे तेवढ्याने जाळणं थांबलं.

तान्ह्या बाळाला मास्क कधीही लावू नका, दोन वर्षांखाली अजिबात नाही, गुदमरतं.

प्युरिफायर मी मुद्दाम शेवटी ठेवलाय. कॉइल चालू ठेवून प्युरिफायर घेण्यात अर्थ नाही. घ्यायचाच तर हेपा, म्हणजे अगदी बारीक कण अडवणाऱ्या फिल्टरचा, आयोनायझर किंवा ओझोनवाला नको. खोलीच्या मानाने बघायचा: दहा बाय बाराची, दहा फूट उंच खोली म्हणजे साधारण ३४ घनमीटर, तासाला पाच वेळा हवा फिरायला हवी म्हणजे डब्यावर सीएडीआर, तासाला किती घनमीटर हवा स्वच्छ होते तो आकडा, १७० किंवा जास्त. दार बंद ठेवा आणि फिल्टर वेळेवर बदला.

बाळ पोटात असतानाच

वर जे मृत्यू सांगितले त्यातले बहुतेक कमी वजनामुळे किंवा वेळेआधी जन्मल्यामुळे होणारे आहेत, म्हणजे गोष्ट नऊ महिने आधी सुरू होते. बेल्जियममधल्या संशोधकांना २०१९ मध्ये वारेच्या (प्लासेंटाच्या) बाळाकडच्या बाजूलासुद्धा काजळीचे कण सापडले, आईच्या फुप्फुसातून तिथपर्यंत गेलेले. म्हणून सातव्या महिन्यापासून नव्हे, दिवस राहिल्याचं कळल्यापासून तिला चुलीवरून, मशेरीच्या तव्यावरून उठवा. फोडणीच्या वेळी एक्झॉस्ट किंवा खिडकी. बाळाच्या खोलीला नवा रंग द्यायचा तर दोन-तीन महिने आधी.

बाळ झाल्यावर सहा महिने फक्त अंगावरचं दूध आणि वेळेवर लसी, दीड आणि साडेतीन महिन्यांना आणि नऊ महिने झाल्यावर पीसीव्ही, ही न्यूमोनियाची लस आता सरकारी दवाखान्यात फुकट आहे. धूर सगळा थांबवता येत नाही, पण धुराने जो आजार आत शिरतो त्याला हे अडवतं.

श्वास मोजायला शिका

हे घरातल्या प्रत्येकाला आलंच पाहिजे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्या, कमी शिकलेल्या लोकांसाठी श्वास मोजायचं एक साधं साधन केलं होतं, एक मिनिटाचं वाळूचं घड्याळ आणि मण्यांच्या दोन ओळी, दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा, वाळू संपायच्या आत ओळीतला शेवटचा, लाल मणी सरकला तर न्यूमोनिया समजायचा. आम्ही घरी तेच मोबाइलच्या टायमरवर आणि हरभऱ्यांवर करतो.

बाळ झोपलेलं किंवा शांत असताना, रडताना किंवा पाजताना नाही, अंगावरचं कापड वर करून पोटाकडे बघा. पोट वर आलं की एक. दहा झाले की एक हरभरा बाजूला. पूर्ण मिनिट मोजा, कारण नवजात बाळ मध्येच थांबून मग भराभर श्वास घेतं, अर्धा मिनिट मोजून दुप्पट केलं तर चुकतं. दोन महिन्यांच्या आत मिनिटाला ६० किंवा जास्त, म्हणजे सहावा हरभरा सरकला, तर पुन्हा एकदा मोजा, परत तेवढेच आले तर दवाखाना. दोन महिने ते एक वर्ष, पाचवा हरभरा सरकला म्हणजे ५० झाले, दवाखाना. एक वर्षानंतर ४०.

मोजत न बसता लगेच निघायचं ते कधी: श्वास घेताना छातीच्या खालच्या बाजूला खळगा पडतोय, आपल्याकडे विदर्भात ज्याला डब्बा म्हणतात, बाळ कण्हतंय, दूध ओढत नाही, निपचित पडलंय, ओठ-जीभ निळसर, झटके, किंवा अंग हाताला गार लागतंय. गाडी नसेल तर १०८. जाताना बाळ आईच्या छातीशी, टोपडं घालून. पोटावर डागणी, बिब्बा, झाडपाला यात एक तासही घालवू नका. आशाताई ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी घरी येतात तेव्हा त्यांच्याकडून श्वास मोजणं समोर करून घ्या, त्यांना येतं, आणि घरात कुठे धूर होतो तेही त्यांना दाखवा.

माझ्या आईच्या उशाशी अजून वाटीत सहा हरभरे असतात. गेल्या महिन्यात भावाला मुलगा झाला, न्हाऊ घालायला त्याच मावशी येतात, पाटावर तसेच पाय लांब करून बसतात, पण शेगडी आता परसात असते आणि टॉवेल तापवून द्यायचं काम आईचं.